माणसं चालतात, माती चालत नाही

मी ऑस्ट्रेलियाला निघाले त्या सकाळी निरोप द्यायला सगळी गल्ली लोटली होती, असं लिहायला मला आवडलं असतं. पण भोरच्या आमच्या गल्लीत आता लोटण्याइतकी माणसं उरलेली नाहीत. जी होती ती पुण्याला गेली, त्यांची मुलं पुण्याहून आणखी पुढे गेली, आणि त्यांच्या घरांत शिरवळच्या कारखान्यांत कामाला आलेले ओडिशाचे आणि बिहारचे लोक भाड्याने राहतात. मला निरोप दिला तो माझ्याच माडीवरच्या भाडेकरणीने. सुजाता तिचं नाव, ओडिशाची. तिचं गुड्डू तेव्हा कडेवर होतं, अजून नीट बसतही नव्हतं. तिने विचारलं, "आंटी, वापस आओगी ना?"

मी मान हलवली. मला चारचौघांत बोलता येत नाही, आणि गाडीचा ड्रायव्हर धरून आम्ही बरोबर चारचौघं होतो.

बोलता येत नाही म्हणून लिहून ठेवते. चौथीनंतर शाळा सुटली, पण अक्षर सुटलं नाही. गल्लीतल्या बायका विचारतात, काय काय पाहिलंस. मी "छान होतं" एवढंच म्हणणार, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. खरं काय पाहिलं ते इथे.

मुलगा निखिल मेलबर्नमध्ये कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. सून केतकीही त्याच कामातली. त्यांना मुलगी झाली, रेवा, आणि तिचं उष्टावण मी तिथे असताना करायचं ठरलं होतं. आमच्याकडे उष्टावणाला बाळापुढे ताट मांडतात. ताटात पुस्तक, लेखणी, सोनं, कापड आणि वाटीत थोडी माती. बाळ पहिल्यांदा ज्याला हात घालेल, त्यावर त्याचं पुढे पोट चालणार, असं मानतात. निखिलने लेखणी धरली होती. पुढे तो कॉम्प्युटरवर बसला. लेखणी त्याला लागली ती परदेशी जायच्या कागदांवर सह्या करायला. तर या ताटासाठी मी तुळशीवृंदावनातली चिमूटभर माती आणि थोड्या मंजिऱ्या कागदात बांधून घेतल्या. सोनं काय, कुठेही मिळतं. माती घरची हवी.

मुंबईहून सिंगापूर आणि सिंगापूरहून मेलबर्न. विमानात शेजारी नाशिकची एक मुलगी होती. उतरण्याआधी एक कागद भरायचा असतो, तो तिने भरून दिला. बरोबर काय काय आणलंय, तिने एकेक विचारलं. मसाला आहे का, आहे. बिया आहेत का, आहेत. माती आहे का, आहे. ती हसली आणि म्हणाली, "आजी, असं कुणी खरं सांगत नाही."

मेलबर्नला सामान तपासायला एक गोरी मुलगी उभी होती. आमच्या सगळ्या विमानात निम्मी माणसं पुण्या-मुंबईची, चौथाई पंजाबची. सगळी भराभर आत चालली होती. कुणाला कोणी विचारलं नाही, तू कुठे उगवलास आणि तुला काय कीड लागली आहे. माझी बॅग मात्र उघडली. मसाल्याची बंद पाकिटं तिने परत ठेवली. मग ती कागदाची पुडी दोन बोटांनी उचलली, हातमोजे घालून, जणू आत विंचू आहे. उघडून पाहिली. मला काहीतरी विचारलं. तिने पुडी एका पिवळ्या डब्यात टाकली आणि माझ्याकडे पाहून इतकी गोड हसली, की मीच तिला थँक्यू म्हटलं.

बाहेर निखिल फुलं घेऊन उभा होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, "आई, माती? सीरियसली? नशीब दंड नाही केला." मग म्हणाला, "नो वरीज." तिथे हा शब्द सगळ्याला चालतो. चहा सांडला, नो वरीज. तुळस कचऱ्यात गेली, नो वरीज. मी गाडीत बसून विचार केला, गमतीचा देश आहे. माणसं कितीही आत चालतात, चिमूटभर माती चालत नाही.

निखिलचं घर पॉइंट कुकला. समुद्राजवळ नवी वसवलेली वस्ती आहे. सगळी घरं एकसारखी, सगळ्यांपुढे हिरवळीचा एक रुमाल, आणि रस्त्यावर माणूस नाही. माणसं गाडीतून बाहेर येतात ती गॅरेजमध्ये, आणि गॅरेजमधून घरात. पहिले काही दिवस मला वाटलं, इथे गाड्याच राहतात. निखिलच्या दारावर पाटी आहे, 'नीरा'. नीरा म्हणजे आमच्या भोरची नदी. लहानपणी तिच्यात पाय घालायला तो रडायचा. इतक्या लांब आल्यावर तिची भीती गेली असावी.

मी निघाले तेव्हा भोरला थंडी होती, तिथे कडक उन्हाळा. संक्रांतीचा तिळगूळ आम्ही पंख्याखाली घाम पुसत खाल्ला. अंगात उष्णता हवी म्हणून तीळ खातात, हे केतकीने जमलेल्या मुलांना समजावून सांगितलं. मुलांनी ऐकून घेतलं आणि आइसक्रीम मागितलं.

सकाळी मात्र वस्तीच्या तळ्याभोवती माणसं दिसतात. ती सगळी आमच्यासारखी आलेली, कुणाची तरी आई नाहीतर बाबा. साडीखाली पांढरे बूट, डोक्यावर मुलाच्या कंपनीची टोपी. पुणेरी मराठी इतकी कानावर येते, की परकी भाषा बोलणारी मी एकटीच आहे असं वाटे. त्यांच्यात कोथरूडचे एक काका होते. कोथरूडचा फ्लॅट विकून कायमचे मुलाकडे आलेले. इथे काही म्हणजे काही कमी नाही, हे ते रोज सांगत. हवा शुद्ध, पाणी शुद्ध, भाकरवडीसुद्धा मिळते. हे सांगून झालं की फोन काढत आणि पुण्याचं हवामान बघत. "आज पुण्यात गार आहे," ते म्हणत, आणि कपाळावरचा घाम पुसत. सगळे गंभीरपणे माना डोलवत, जणू संध्याकाळी स्वेटर काढावा लागणार आहे.

एकदा केतकी मला आणि रेवाला वाचनालयात घेऊन गेली. तिथे बाळांसाठी गाणी असतात. सुरुवातीला बाईंनी गंभीर चेहरा करून काहीतरी वाचलं. सगळे स्तब्ध. केतकीने कानात सांगितलं, ही जमीन इथल्या मूळ लोकांची आहे, त्यांना मान देऊनच इथे प्रत्येक कार्यक्रम सुरू करतात. मी विचारलं, ते लोक कुठे बसलेत. केतकीने इकडेतिकडे पाहिलं. खोलीत होते ते चिनी, पंजाबी, आपण, आणि एकदोन गोरे. मालकाच्या घरात शिरून त्याच्या नावाने दिवा लावायचा आणि मग भाडं न देता राहायचं, ही रीत मला नवीन नव्हती. आमच्याकडे फक्त दिवा लावत नाहीत.

शेजारची कार्मेनाबाई भेटली ती फावड्यामुळे. सकाळी अंगणात कुणी खणत असल्याचा आवाज आला, तेव्हा मला आधी खरंच वाटेना. बाहेर जाऊन पाहिलं तर एक म्हातारी, काळा स्कर्ट, पुरुषी टोपी. घरापुढची हिरवळ तिने उकरून काढली होती आणि टोमॅटो लावले होते. टोमॅटोला काठ्या, काठ्यांना जुन्या मोज्यांच्या चिंध्या बांधलेल्या. वस्तीत ते शोभत नाही असं तिच्या मुलीला शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. म्हातारीला इंग्रजी सोयीपुरतंच कळत असे, त्यामुळे तिने ते ऐकलं नाही.

तिच्या दारावरही पाटी होती. मी अक्षरं जुळवून वाचली, 'गोझो'. केतकी म्हणाली, माल्टा म्हणून युरोपात एक देश आहे, इटलीच्या खाली समुद्रात, त्यातलं हे बेट. तिथून ही बाई लग्न होऊन आली, तरुणपणी, बोटीने.

तिने कुंपणावरून टोमॅटो दिले. मी थालीपीठ दिलं. तिने ते वास घेऊन खाल्लं आणि म्हणाली, "गुड. मोअर." माझ्या इंग्रजीत तेवढंच बसत होतं, म्हणून आमचं जमलं. पुढे रोज दुपारी, तिच्या भाषेत 'आर्वो' (म्हणजे दुपार कलल्यावर), मी रेवाला घेऊन तिच्या टोमॅटोंपाशी बसायला लागले. जे कळायचं नाही ते दोघी हाताने सांगत असू. हातही कमी पडले तर गप्प बसत असू. आयुष्यात मला इतकं बोलायला कुणाशी मिळालं नव्हतं.

एका रविवारी केतकीने आम्हा दोघींना गाडीत घातलं आणि जवळच्या वेरिबी गावाच्या दक्षिणेला नेलं. घरांची रांग संपली आणि एकदम शेतं लागली. फ्लॉवर, कोबी, पालेभाजी, सरळ समुद्रापर्यंत. मळे इटलीहून आलेल्या लोकांचे, असं कार्मेनाबाईने सांगितलं. काळे हंस पाण्यावर होते. आपल्याकडे हंस पांढरे म्हणून सरस्वतीपाशी बसतात. हे काळे असूनही मजेत होते.

बाकावर बसून कार्मेनाबाईने कागदी पिशवी उघडली. आत 'पस्तित्सी' (पापुद्र्यांची खारी करंजी, आत चीज किंवा वाटाणा). गरम होत्या. त्या खाताना तिला बोलायची लहर आली. ती पुष्कळ वेळ बोलली, समुद्राकडे हात करून. मी केतकीकडे पाहिलं.

"त्या म्हणतायत, माल्टात खूप लोक आले आणि गेले," केतकी म्हणाली.

एवढ्या वेळात एवढंच म्हणाली असेल, तर ती बाई फार हळू बोलते असं मी म्हटलं. केतकीला हसू आलं, आणि मग तिने पहिल्यापासून सांगितलं.

त्या बेटांवर पहिली माणसं सिसिली या शेजारच्या बेटावरून होड्यांतून आली. त्यांनी प्रचंड दगडांची देवळं बांधली आणि मग ती माणसं कुठे गेली ते कुणाला माहीत नाही. देवळं राहिली. मग जहाजांतून व्यापारी आले, मग रोमचे लोक, मग अरब. अरब गेले, पण भाषा ठेवून गेले. अजूनही माल्टाची माणसं देवाला 'अल्ला' म्हणतात, आणि म्हणतात ते चर्चमध्ये गुडघे टेकून. मग युरोपभरच्या घराण्यांतले लढवय्ये साधू आले, मग थोडे दिवस फ्रेंच आले, मग इंग्रज. मध्येच एकदा समुद्रावरून हल्ला झाला आणि गोझोवरची जवळजवळ सगळी माणसं गुलाम करून जहाजांत भरून नेली. बेट रिकामं. मग पुन्हा इकडूनतिकडून माणसं आली आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली, आम्ही इथलेच.

"आणि माती?" कार्मेनाबाई मध्येच म्हणाली. तिच्या आजीने तिला सांगितलं होतं, की बेट नुसतं दगडाचं, म्हणून मातीसुद्धा सिसिलीहून जहाजांत भरून आणली. खरं-खोटं देव जाणे. पण आजीच्या म्हणण्याप्रमाणे, आमच्या देशात आमचं स्वतःचं म्हणावं असं फक्त ऊन.

मग मोठी लढाई संपली, खायचे वांधे झाले, आणि माल्टाची माणसं निघाली. ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती. त्याआधी, तिच्या आजोबांच्या काळात, माल्टाच्या लोकांना इथे गोरे धरायला तयार नव्हते. नंतर धरू लागले. रंग तोच राहिला, गरज बदलली. कार्मेनाबाई दोन वर्षांसाठी म्हणून आली होती. नवऱ्याने इथे गाड्यांच्या कारखान्यात काम केलं आणि पैसे साठवून गोझोला घर बांधलं. त्या घराच्या दारावर दगडी कांगारू आहे आणि नाव आहे 'ऑस्ट्रेलिया'. तिथे असताना ऑस्ट्रेलियाचं नाव, इथे असताना गोझोचं. जिथे माणूस राहत नाही तिथल्या नावाची पाटी ज्या घरात राहतो त्याला लावायची, ही रीत फक्त निखिलची नाही हे कळून मला बरं वाटलं.

"त्या घरात आता कोण राहतं?" मी केतकीला विचारायला लावलं.

केरळच्या नर्स राहतात. माल्टा आता पुन्हा भरलं आहे. भारतातून, नेपाळमधून, फिलिपिन्समधून लोक कामाला आलेत. बसमध्ये आपली भाषा कानावर पडत नाही, बाहेरच्यांनी देश भरून टाकला, अशी तक्रार तिची बहीण फोनवर करते. कार्मेनाबाई इथून तिला म्हणते, खरंच गं, काय हे लोक, आपला देश सोडून येतात.

ते सांगताना ती स्वतःच हसली. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "माझ्या घरात तुझी माणसं. माझ्या शेजारी तुझी माणसं. मी आता तुझ्या गावाला जाते, तिथे जागा असेल."

मी केतकीला म्हटलं, तिला सांग, तिथेही ओडिशाची माणसं आहेत.

त्याच आठवड्यात माझं ठरलं. म्हणजे मी ठरवलं नाही, माझं ठरलं. जेवताना निखिलने विषय काढला. केतकीची रजा संपत होती, बाळाला पाळणाघरात जागा मिळायला वेळ होता, आणि तशीही मी भोरला एकटी काय करणार. व्हिसाचं तो बघणार होता. परतीच्या तिकिटाची तारीख पुढे ढकलायची, मग हळूहळू कायमचंच बघायचं. भोरच्या घराला एक गिऱ्हाईक आलं होतं. माडीसकट देऊन टाकू, भाडेकरूंना सांगू दुसरं बघा. त्याने हे सगळं इतक्या प्रेमाने सांगितलं, की त्यात माझा होकार कुठे लागतो हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी भात वाढला. माझ्या आयुष्यात जे जे ठरलं, ते मी भात वाढत असताना ठरलं. चौथीनंतर शाळा बंद असंच ठरलं, लग्न असंच ठरलं, निखिलने परदेशी जायचं तेही. प्रत्येक वेळी मी विचारलं, आणखी वाढू का.

पण त्या रात्री माझ्या ताटातला भात मी तसाच ठेवला. मला कोथरूडचे काका दिसायला लागले. इथे सगळं आहे म्हणणारे आणि फोनमध्ये पुण्याचं हवामान बघणारे. मीही तळ्याभोवती चालेन, पांढरे बूट घालून. माझ्याकडे तसला फोन नाही, म्हणून भोरला गार आहे की ऊन, तेही काकांनाच विचारावं लागेल. आणि घर विकलेलं असलं तर गार असून तरी काय.

उष्टावण जवळ आलं तसं मी ताटाची तयारी काढली. पुस्तक मिळालं, लेखणी मिळाली, सोन्याची अंगठी केतकीने काढून दिली. माती नव्हती. निखिल म्हणाला, मातीचं काय एवढं, स्किप कर. मग स्वतःच ताटात भर घालायला बसला. कॉम्प्युटरचा माउस, क्रिकेटचा चेंडू, डॉक्टर मित्राचा स्टेथोस्कोप. पुढच्या पिढीच्या नोकऱ्यांची इतकी सोय केली, की ताटात बाळाचा हात ठेवायला जागा उरली नाही.

मी वाटी घेऊन कार्मेनाबाईकडे गेले. टोमॅटोच्या बुंध्याकडे बोट दाखवलं, वाटी दाखवली, आणि हाताने बाळ, ताट, उचलणं असं सगळं करून दाखवलं. ती बघत राहिली. मग तिने फावडं टाकलं आणि दोन्ही हात छातीशी नेले.

"कुच्चिया," ती म्हणाली.

माल्टात हेच करतात. मूल वर्षाचं झालं की त्याच्यापुढे ताट मांडतात. त्यात पुस्तक, जपमाळ, लेखणी, हातोडी, उकडलेलं अंडं. जे धरेल तसं त्याचं आयुष्य. त्याला 'कुच्चिया' म्हणतात. कुठलं बेट आणि कुठलं भोर. कुणाकडून कुणाकडे गेलं, की दोघांकडेही आपापलं उगवलं, कुणास ठाऊक. तिच्या मुलांनी मात्र आपल्या मुलांची कुच्चिया केली नव्हती. त्यांना केक बरा वाटला. तिने वाटी स्वतःच्या हाताने भरली, ढेकळं फोडून, खडे वेचून, जणू तांदूळ निवडते आहे. मग विचारलं, "यू गो होम? व्हेन?"

मी 'नीरा'च्या पाटीकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. तिला कळलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही. वाटीत आणखी एक चिमूट टाकली.

निखिलने माती पाहिली आणि ती झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून ताटात ठेवली. जंतू, म्हणाला. उष्टावणाच्या दिवशी सगळे येईपर्यंत मी पिशवीकडे पाहत होते. तो दार उघडायला गेला तेव्हा मी माती पुन्हा वाटीत ओतली.

घर भरलं. निखिलचे पुण्या-मुंबईचे मित्र, त्यांच्या बायका, इंग्रजीतून भांडणारी मुलं, कोथरूडचे काका आणि काकू. कार्मेनाबाई ठेवणीतला काळा पोशाख घालून, गळ्यात क्रॉस घालून आली आणि पाटावर बसता येईना म्हणून तिला खुर्ची दिली. खीर तयार होती, केशर घातलेली. कुणीतरी मला विचारलं, काकू, आता इथेच ना? मी तोंड उघडायच्या आत निखिल म्हणाला, "आई इथेच. फायनल." काकांनी टाळी वाजवली. "या, या," ते म्हणाले, "इथे काही कमी नाही."

खिरीआधी ताट मांडायचं असं मी ठरवलं होतं. रेवाला मी मांडीवरून खाली सोडलं. सगळे फोन वर झाले. कुणी म्हणालं माउस, कुणी म्हणालं स्टेथोस्कोप, डॉक्टरने तो बोटाने जरा पुढेही सरकवला. रेवाने ताटावर एक नजर फिरवली आणि सरळ वाटीत हात घातला. मूठ भरली. आणि कुणी हलायच्या आत मूठ तोंडात.

एकच धावपळ. केतकी पाणी आणायला धावली, निखिलने बोट घालून माती काढायला सुरुवात केली, एक मैत्रीण फोनवर शोधायला लागली की माती खाल्ल्यावर काय करायचं. खीर तशीच. माझ्या नातीचं उष्टावण केशराच्या खिरीने नाही, पॉइंट कुकच्या टोमॅटोच्या मातीने झालं. ती मात्र मजेत चघळत होती आणि बापाच्या बोटाला चावत होती.

कार्मेनाबाईने स्वतःवर क्रॉसची खूण केली. हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "नाउ शी इज फ्रॉम हिअर," ती म्हणाली.

ते मला कळलं. केतकीने सांगायची गरज पडली नाही. सगळे बाळाच्या तोंडाकडे पाहत होते, माझ्याकडे कुणीच नाही. त्यामुळे असेल, माझा आवाज निघाला.

"ती इथली झाली," मी म्हटलं. "मी तिथली आहे. माझं तिकीट ज्या तारखेचं आहे, त्याच तारखेला मी जाणार. घर विकायचं नाही."

मी हळूच बोलले होते, पण सगळ्यांना ऐकू गेलं. फोन अजून वर होते, त्यामुळे माझं बोलणं म्हणे सहासात जणांच्या चित्रात आलं आहे. निखिलचं बोट रेवाच्या तोंडातच राहिलं. काका पायांतल्या पांढऱ्या बुटांकडे पाहावं तसे खाली पाहायला लागले, बूट दारात काढलेले असूनही.

पहिल्यांदा केतकी बोलली. "पाळणाघराचं बघू आपण," ती निखिलला म्हणाली. "आई, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

सगळे गेल्यावर निखिलने विचारलं, सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती. मी म्हटलं, "तुला एकट्याला सांगितलं असतं तर तू प्रेमाने समजावलं असतंस."

त्यावर तो हसला. लहानपणी नदीवरून परत आल्यावर हसायचा तसा, पाय कोरडे ठेवून.

निघायच्या दिवशी कार्मेनाबाई फाटकापाशी उभी होती. तिच्या टोमॅटोंना आता शेवटची फळं होती. मी तिला हळदकुंकू लावलं, तिने लावून घेतलं, आणि खणाची घडी तिच्या हातात दिली. तिने विचारलं, परत येशील? मी म्हटलं, "मेबी."

"मीसुद्धा आईला हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. मग माझा हात घट्ट धरला. तिच्या नखांत माती होती. गाडीत बसल्यावर पाहिलं, माझ्याही तळहाताला लागली होती. मुंबईला उतरेपर्यंत मी चारदा हात धुतले, विमानातल्या जेवणाने धुवायला लावले. मुंबईला मात्र कुणी हात उघडून पाहिले नाहीत.

भोरला पोचले ते दुपारी. गल्ली होती तशीच, म्हणजे आणखी थोडी कमी. एका घराला नवं कुलूप. बायका संध्याकाळी येऊन बसल्या, काय पाहिलंस म्हणाल्या. मी म्हटलं, छान होतं. काळे हंस असतात. एकीने विचारलं, आणि माणसं? मी म्हटलं, आपलीच आहेत.

सुजाताने माझ्या खोल्या झाडून ठेवल्या होत्या, तुळशीला पाणी घातलं होतं. गिऱ्हाईक येऊन घर बघून गेल्याचं तिने सांगितलं, मापंसुद्धा घेतली म्हणे. सांगताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांगितलं, घर विकायचं नाही, तू राहा. ती चहा टाकायला माडीवर गेली.

गुड्डू आता रांगायला लागलं होतं. ओसरीवरून सरकत सरकत ते वृंदावनापाशी गेलं, कट्ट्याला धरून उभं राहिलं आणि तुळशीच्या बुंध्यात हात घातला. मी जिथून चिमूट उचलली होती, तिथेच. मूठ भरली आणि तोंडात घातली.

वरून सुजाता ओरडली, "छी, थूक, आंटी निकालो ना." मी बोट पुढे केलं, आणि थांबले. चिमूटभर मातीसाठी मला एका पोरीने हातमोजे घालून अडवलं होतं. इथे मी कशाला हातमोजे घालून उभी राहू.

खाऊ दिलं.